मोहिनीला मैत्रिणी मिळवून देण्याची मोहीम

१२ सप्टेंबर १९९८, शनिवार
चांदवडहून धाकट्या भावाचा, शेखरचा फोन. त्याची मोहिनी जूनपासून माझ्याकडे आहे, इथल्या शाळेत, आठवीत. अजून एकही मैत्रीण घरी आलेली नाही म्हणून तिच्या आईला, ज्योत्स्नाला काळजी. दसऱ्याला येतो, पोरगी रमली नसेल तर परत नेतो, म्हणाला. रमली नसेल! माझ्या घरात! बी.ए.ला माझा विषय मानसशास्त्र होता. एकोणीस दिवस भरपूर झाले.

१३ सप्टेंबर, सकाळी ६
किशोरवयीन मुलींच्या सामाजिक आरोग्यासाठी लागणारे गुण काढले: आत्मविश्वास, समजूतदारपणा, संयम, नाही म्हणण्याचं धैर्य, विनोदबुद्धी. तक्ता फ्रिजवर लावला. मोहिनीला पन्नासपैकी चौदा. नमुना म्हणून स्वतःलाही मार्क दिले. अठ्ठेचाळीस. दोन नम्रतेपोटी कापले.

१६ सप्टेंबर
शेजारच्या बिल्डिंगमधली निकिता फाटकाशी आली. मोहिनीच्याच वर्गातली. संवाद कसा सुरू करावा हे दाखवायला मीच पुढे झाले. टक्के किती, वडील काय करतात, दात कधी घासतेस. तिला घाई होती. आजकालच्या मुलींना बोलताच येत नाही.

१८ सप्टेंबर
मोहिनीला विनोद सांगायला बसवलं. म्हणाली, आत्या, तू असं घड्याळ लावून बसलीस की काय सुचणार? विनोदबुद्धी: एक.

२१ सप्टेंबर, घटस्थापना
सुचलं! भोंडला! पाटावर हत्ती, भोवती मुलींचा फेर, शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. सगळे गुण एका तासात. शनिवारी आपल्या अंगणात. वर्गातल्या बारा जणींना बोलावणं.

२४ सप्टेंबर
नियम टाइप करून झेरॉक्स वाटल्या. पाच ते सहा. हसणे दोन गाण्यांच्या मध्येच. चुकीचं ओळखून कुणाला न्यूनगंड येऊ नये म्हणून खिरापतीचं नाव खाली छापलं: मोड आलेले मूग. कामाच्या फुलाबाई म्हणाल्या, अवो ताई, डब्यात काय ते आधीच सांगितलं तर पोरी येतील कशाला? आणि मूग? फुलाबाईंचा या विषयाचा अभ्यास नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार, सायं. ५
सर्व सज्ज.
५.२०. गंगापूर रोडला ट्रॅफिक असेल.
५.५०. निकिता आली, एकटीच. मोहिनीला म्हणाली, अगं चल ना, सगळ्या आमच्याकडे थांबल्यात. मोहिनी हत्तीचा पाट उचलून पसार.
६.१५. शेजारी नुसता धुडगूस. सर्वांत मोठा आवाज आमच्या मोहिनीचा.
७.३०. जाब विचारला. म्हणाली, आत्या, मैत्रिणी मला जुलैपासून आहेत गं. त्या तुला घाबरतात.
असंबद्ध उत्तर. पण आत्मविश्वास नऊ केला.

१ ऑक्टोबर, दसरा
शेखर आला. मोहिनी त्याला म्हणाली, राहते ना इथेच, पण उद्या अंगणात माझा भोंडला, आणि आत्याने स्वयंपाकघरात बसायचं. बाहेर यायचं नाही म्हणजे नाही. शेखर इतका हसला की त्याला ठसका लागला. नाही म्हणण्याचं धैर्य: दहा. माझ्याच शिकवणीचं यश, हे त्याला दोनदा सांगितलं.

२ ऑक्टोबर
स्वयंपाकघरात आहे. खिरापत माझ्यापासूनही लपवली. अंगणात सोळा मुली. सोळा!
६.४०. ओळखायला सुरुवात झाली. काय गं या मुली, शंकरपाळी म्हणतात! वासावरून कळत नाही? खिडकीतून ओरडले, अळूवडी! चूक. कोथिंबीर वडी! चूक. थालीपीठ! घारगे! धिरडी! अकरा नावं घेतली, अकराही चूक. पोरी हसून हसून जमिनीवर बसल्या. निकिता म्हणाली, मोहिनी, तुझ्या आत्याला बाहेर घे गं, धमाल आहेत त्या.
गेले. चार फेर धरले. साडी दोनदा पायात आली. निघाले ते साबुदाण्याचे वडे.
८.००. सर्वांत जास्त चुकेल तिने ताटल्या घासायच्या, असं मुलींनी मी बाहेर येण्याआधीच ठरवलं होतं म्हणे. सतरा घासल्या. फुलाबाई माझ्या खुर्चीवर बसून, कुठली नीट निघाली नाही, ते दाखवत होत्या.