फाशीघराच्या दाराची दुरुस्ती

३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा पण मागवला — तेव्हाच ओळखायला हवं होतं! तुरुंगातून पत्र आलंय. फाशीघराचं छप्पर गळून पायाखालचं दार फुगलंय. दोन फळ्यांचं दार, दांडा ओढला की खाली उघडायला हवं. उघडत नाही. आमचं खातं सरकारी इमारतींच्या दुरुस्तीचं, तुरुंग ही सरकारी इमारत. म्हणजे काम आमचं. म्हणजे माझं.

"हा माणूस तुमच्या पुतण्याच्या केसमधलाच ना?" साहेबांनी विचारलं. हो म्हणालो. वाटलं, आता दुसऱ्या कुणाकडे देतील. तर म्हणाले, "मग तर तुम्हीच बघा. मन लावून होईल."

मन लावून! गेल्या वर्षी कोर्टातले संडास दुरुस्त केले तेव्हा माझ्या मनाची कुणी चौकशी केली नव्हती.

४ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावर जाऊन दादाला सांगितलं. तो सोफ्यावरून उठून उभाच राहिला. "नऊ वर्षं कोर्टासाठी थांबलो, आता सुतारासाठी थांबायचं?" म्हणाला. त्याचंही बरोबर आहे. सगळी अपिलं संपली, दयेचा अर्ज गेल्या महिन्यात फेटाळला. दुरुस्ती झाल्याचा माझा दाखला गेला की तारीख निघणार. राहिलंय ते दार.

कोल्डस्टोरेजमध्ये दादाचा पोरगा आणि तो माणूस एकाच पाळीत होते. भांडण कशावरून झालं हे कोर्टालाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पोराला मारलं, मधे पडलेल्या रखवालदाराला मारलं, वर गोदाम पेटवून दिलं. तेव्हापासून दादाचा हॉल म्हणजे फाशीचं कार्यालय. कात्रणांच्या फायली, सह्यांची मोहीम, पत्रकार आले की बसायला वेगळ्या खुर्च्या. पोराने कॉलेज सोडून तिथे नोकरी धरली म्हणून दादा त्याच्याशी वर्षभर बोलत नव्हता. एका घरात राहून! हे पत्रकारांना माहीत नाही. घरात कुणी तो विषय काढत नाही.

वहिनींनी एवढंच विचारलं, "किती दिवस लागतील, भाऊजी?" लवकर करतो म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते समजलं नाही.

९ फेब्रुवारी

डबे उघडले आणि विषय निघाला. पेपरात पाहणी छापलीय — खुन्याला फाशी असावी की नसावी. आमच्या टेबलावर नसावी म्हणणारं कुणीच नाही. मतभेद फक्त कशी यावर. हेडक्लार्क म्हणाले, भर चौकात. टायपिस्ट बाई म्हणाल्या, "चौकात नको हो, मुलं शाळेला जातात. मैदानात." ड्राफ्ट्समनचं मत वेगळं — फाशी म्हणजे सुटका, त्यापेक्षा जन्मभर दगड फोडायला लावा. कॅशियर लगेच म्हणाला, म्हणजे जन्मभर आपल्या करातून पोसा! शिपायाने तोडगा काढला. सगळ्या खुन्यांना एका बेटावर सोडायचं, आपसात बघून घेतील.

"बेट कुणाचं?"

"सरकारचं."

"म्हणजे दुरुस्ती आपल्याकडे."

तिथे बेटाचा विषय संपला.

मी विचारलं, मापं घ्यायला माझ्याबरोबर कोण येतंय? सगळ्यांचे डबे एकदम धुवायचे झाले.

१२ फेब्रुवारी

नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. आलेली — एकही नाही.

१७ फेब्रुवारी

आज स्वतः फिरलो. मोठा ठेकेदार म्हणाला, "फाशी द्यायलाच हवी! मी तर म्हणतो रोज एकाला द्या." म्हटलं, मग द्या कोटेशन. "अहो, घरात लग्नाची मुलगी आहे."

फर्निचरवाला तयार झाला, पण बिलावर 'स्वयंपाकघरातील ट्रॉली' लिहायचं. म्हटलं, ऑडिटवाले आले आणि ट्रॉली उघडून दाखवा म्हणाले तर? त्याने पाणी विचारलं आणि मला वाटेला लावलं.

प्लायवूडवाल्याची सगळ्या मालावर दहा वर्षांची गॅरंटी असते. "उद्या तक्रार आली तर?" म्हणाला. तक्रार येणार नाही, मी म्हणालो. तो हसला नाही. खरं तर मीही हसलो नाही.

२० फेब्रुवारी

मिळालं! एकच, पण मिळालं. म्हातारा मिस्त्री, ज्याला सगळे 'वकील' म्हणतात, कारण प्रत्येक गोष्टीला त्याची हरकत असते. फाशीलाही आहे. आख्ख्या गावात फाशी नको म्हणणारा मला भेटलेला हा पहिला माणूस, आणि कोटेशन देणाराही हाच. "जन्मभर आत ठेवा, राबवून घ्या, मजुरी मेलेल्याच्या घरी पाठवा. मारून काय हाती लागतं?"

मग काम का घेताय?

"तुमचं दार अडकलं म्हणून फाशी टळते होय? अर्धवट उघडलं तर त्याचे हाल होतील नुसते."

साहेब खूश. म्हणाले, बाकीची दोन कोटेशनं नेहमीप्रमाणे त्यालाच आणायला सांगा, जास्त दराची.

४ मार्च, बुधवार

वकिलाला घेऊन मापं घ्यायला गेलो. खोलीत बघण्यासारखं काही नाही. पांढरा चुना, वर लोखंडी तुळई, खाली ते दार. मी मापं सांगत होतो, तो लिहीत होता. कुठल्याही माळ्याची घ्यावीत तशी मापं घेतली.

जेलर बोलका आहे. म्हणाला, "याला भेटायला कुणी येत नाही. आई वारली. एक मावशी तेवढी येते, महिन्याच्या पहिल्या बुधवारी. कधी चुकत नाही. आजही आलीय."

बाहेर पडताना फाटकाजवळ मुलाखतीला आलेल्यांचा बाक आहे. त्यावर वहिनी बसल्या होत्या. हातात टोकन.

"ह्याच त्या मावशी," पहारेकरी म्हणाला.

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

दादाला वाटतं, पहिल्या बुधवारी त्या इस्पितळात गुडघ्यांच्या व्यायामाला जातात. गुडघे खूप सुधारलेत असं तो परवाच सांगत होता.

५ मार्च

ही बाजारात गेली आणि वहिनी वर आल्या. मी काही विचारायच्या आत बोलायला लागल्या.

"भाऊजी, शेवटचं त्यानेच पाहिलं ना आपल्या पोराला? मग विचारायचं कुणाला? कोर्टाने हत्यार विचारलं, वेळ विचारली. स्वेटर घातला होता का, ते कुणी विचारलं नाही."

घातला होता म्हणे. निळा.

"एका खेपेला एकच विचारते. जास्त विचारलं की रचून सांगायला लागतो. कळतं मला."

मी मूर्खासारखं विचारलं, त्याला माफ केलंत का? अशा बघितल्या माझ्याकडे! "माफ कशाला? तोंड बघवत नाही त्याचं. मी खाली बघून विचारते."

मग हळूच म्हणाल्या, "एकच राहिलंय. शेवटी कुणाला हाक मारली का त्याने, एवढंच. दर वेळी ठरवून जाते आणि भलतंच विचारून येते. काल विचारलं, डब्यात काय होतं. डबा मीच भरून दिला होता हो!"

त्या रडल्या नाहीत. मी रडलो. दादाचा अबोला होता त्या वर्षी पोरगा जेवायला वर आमच्याकडे यायचा. आमटी वाटीने प्यायचा आणि हिला चिडवायचा. त्याच्या मारेकऱ्याला फाशी हवी की जन्मठेप, ते मला नऊ वर्षांत ठरवता आलेलं नाही. मला पोरगा हवाय.

"दार कधी होणार?" जाताना वहिनींनी विचारलं.

"तुम्ही सांगाल तेव्हा," मी म्हणालो. बोलून गेलो खरा!

९ मार्च

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही काम मुद्दाम लांबवलं नाही. सगळी आपोआप लांबली. मुद्दाम लांबवायला फार डोकं लागतं.

वकिलाने फळ्या वेळेवर आणल्या. नेमक्या याच कामात! मी शेरा मारला — लाकडात ओल जास्त, परत. तो खवळला. "ओल? वाजवून बघा, खडखडीत वाळलंय!" खडखडीतच होतं. फाशीच्या विरोधातला माणूस धावतपळत फळ्या आणतो आणि ज्याचं पोरगं गेलं त्या घरातला मी त्या परत पाठवतो. डोकं गरगरतं.

तुरुंगाला पत्रही धाडलं — दाराला रंग कोणता द्यावा?

१६ मार्च

दादा टीव्हीवरच्या चर्चेत होता, फोनवरून. आम्ही खालीच बसून पाहत होतो. एक प्राध्यापक म्हणाले, फाशीने गुन्हे कमी होत नाहीत, कधीच न सुटणारी जन्मठेप द्यावी. दादाने विचारलं, "तुमचा मुलगा गेलाय?" नाही म्हणाले. "मग बसा." ते बसलेलेच होते. एक बाई म्हणाल्या, खुन्याने मेलेल्याच्या आईबापांची तोंडी माफी मागावी, समोरासमोर. दादा ओरडला, "त्याचा एक शब्द ऐकायचा नाहीये मला! एक शब्द नाही!"

वहिनी उसवलेली उशी शिवत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

शेवटी निवेदिकेने विचारलं, फाशी झाल्यावर तुम्ही काय कराल? "बघू," म्हणाला. नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं वाटतं.

फोन ठेवल्यावर माझ्यावर घसरला. "फळ्या अजून कशा आल्या नाहीत? तुमचं खातं म्हणजे ना!"

"आमचं खातं म्हणजे आमचं खातं," मी म्हणालो. भावाशी इतकं उघड खोटं पहिल्यांदाच बोललो. आणि शब्द तर सगळे खरे होते.

२४ मार्च

तुरुंगाचं उत्तर आलं — 'उचित रंग द्यावा.' लगेच उलट टपाली विचारलं, उचित म्हणजे कोणता?

२७ मार्च

साहेबांनी झाडलं. वरून फोन आला होता म्हणे. "दार आहे का राजवाडा? पुढच्या आठवड्यात दाखला हवा मला." आता माझ्या हातात फार काही उरलं नाही. वहिनींना जिन्यात गाठून सांगितलं, येता बुधवार शेवटचा. त्या बरं म्हणाल्या.

१ एप्रिल, बुधवार

वहिनी तुरुंगातून थेट वर आल्या. मी खुर्ची पुढे केली. बसल्या नाहीत.

"विचारलं."

मी दार लोटून घेतलं.

"सांगितलं त्याने."

काय, ते विचारायची छाती झाली नाही. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पदराने खुर्चीचा दांडा उगाच पुसत राहिल्या, मग म्हणाल्या, "आता करून टाका तुमचं काम, भाऊजी. लवकर करा."

दादाला सांगणार का, एवढं विचारलं. "त्यांना त्याचा एक शब्द ऐकायचा नाहीये," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. गुडघे खरंच सुधारलेत.

४ एप्रिल

फळ्या बसवल्या. त्याच, परत पाठवलेल्या. वकिलाने नव्या म्हणून आणल्या, मी नव्या म्हणून घेतल्या. रंग राखाडी. वाळूची पोती ठेवून दांडा ओढला. दोन्ही फळ्या एकदम सुटल्या. परत लावल्या, परत ओढला. कुठे घासत नाही, कुठे अडत नाही. "झकास झालंय, साहेब!" वकील म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच समजलं असावं. हत्यारं गोळा करायला लागला.

दाखल्यावर सही केली.

१० एप्रिल

तारीख निघाली. पुढचा शुक्रवार, पहाटे. मुलाखती आजपासून बंद. मलाही हजर राहायचा हुकूम आहे — दार न उघडल्यास जबाबदार कोण, म्हणून. ऑफिसात सगळ्यांनी हात मिळवले. टायपिस्ट बाईंनी विचारलं, पाहायला देतात का हो? देत नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, बरंच आहे, मला नाही बाई बघवणार.

दादाचा फोन दिवसभर वाजतोय. न्याय झाला, न्याय झाला, एवढंच वरपर्यंत ऐकू येतं. वहिनी त्याच्याशी काही बोलल्यासारख्या दिसत नाहीत.

१६ एप्रिल, गुरुवार

उद्या पहाटे.

संध्याकाळी दादा वर आला. फोन खालीच ठेवून आला होता. हिने पाणी दिलं, ते हातात धरून बसला. "तुझी वहिनी आत्ता बोलली. दर महिन्याला जायची ते. सगळं."

पेला त्याने न पिताच खाली ठेवला.

"पोराने शेवटी हाक मारली होती म्हणे. मला रे! 'बाबा' म्हणून. दोनदा."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो घट्ट धरला आणि अगदी हळू, हिलाही ऐकू जाऊ नये असं विचारलं —

"मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. एकदाच. ते दार परत अडकवता येईल का तुला?"