शेवयाच्या मशीनची नोटीस

समता कॉलनी, रायपूर
रविवार, दुपार

मंदाकिनीबाईस मीराबाईचा सप्रेम जय भीम.

(तीर्थरूप लिहावं तं तू माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. चिरंजीव लिहावं तं तुझे दात माझ्या आधी पडले. म्हणून बाई लिहिलं. एवढा मान एका ओळीपुरता, पुढं मंदाच.) तुझी तब्येत कशी आहे, गुडघ्याले तेल लावते का बाटली नुसती उशाशी ठेवते, श्रीपाद अन् सूनबाई बरे आहेत का, सगळं कळवजो. माझं म्हणशील तं बीपी आहे, साखर आहे, मोतीबिंदू होता तो काढला. बाकी सुखरूप. अक्षर वाकडं आहे ते डोळ्यानं नाही, शाळा चौथीतच सुटली म्हणून.

फोन काहून नाही केला म्हणशील. तुझा फोन श्रीपाद लावते, आवाज मोठा करून पलंगावर ठेवते, अन् तू पाहुणी आल्यावाणी बोलते. बरी आहे, जेवण झालं, तिकडं ऊन आहे का. तीस वर्षं रेल्वे क्वार्टरात एका भिंतीच्या दोन बाजूंनी राहिलो आपण, एक दिवस तरी तू मले सरळ ‘बरी आहे’ म्हटलं होतं का?

तं झालं असं. आपली दीपमाला (माझ्या यशदीपची पोट्टी, जिनं तुझ्या ओट्यावर शाई सांडली होती अन् तू अजून विसरली नाही) कंप्युटरचं शिकली, अन् कॉलेजच्या हॉलात तिचं भाषण होतं. दोन दिवसांचा कार्यक्रम, ओपन सोर्सवाल्यांचा. मले म्हणे, “आजी, तेरी ही आवाज़ है उसमें, चलना तो पड़ेगा.” (मराठी सगळी समजते तिले, उत्तर हिंदीत येते. यशदीप सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमधून थकून येते, तो कोणत्याच भाषेत बोलत नाही.) तिनं समजावलं की इथं सगळे आपापलं काम आणतात, सगळ्यांना वाटतात, कोणी काही मागत नाही. मी समजली, भीमजयंतीच्या जेवणावाणी असन. साठ आलूबोंडे तळून डबा भरून नेला. तिथं पाहते तं सगळ्यांच्या हातात लॅपटॉप, खायचं कोणीच नाही आणलं. पण मंदे, पोट्टे असे तुटून पडले की विचारू नको. डबा परत आला तं चारी बाजूंनी रंगीत स्टिकर चिकटवलेले. दीपमाला म्हणे, ये इज़्ज़त है आजी, निकालना मत. त्या डब्याचं झाकण आता उघडत नाही.

भाषणं ऐकली मी सगळी. गळ्यात नावाचा बिल्ला घालून पहिल्या रांगेत बसली. एकजण सांगून राहिला होता की पाच वर्षं त्यानं एक प्रोग्राम लिहिला, जगभर लोकांनी वापरला, धन्यवाद कोणी म्हटलं नाही, उलट चुका काढून पाठवल्या. लोक हळहळले. मले काही नवीन वाटलं नाही, मी पन्नास वर्षं स्वयंपाक केला आहे.

दुसरा निरंजन नावाचा, नागपूरचा, दाढीवाला. तो लायसनवर बोलला. गाडी चालवायचं लायसन नाही, वस्तू वाटायचा कायदा. म्हणे, वस्तू उघडून पाहा, सुधरवा, वापरा, दुसऱ्याले द्या. पण सुधरवली म्हणून कुलूप लावून ठेवायची नाही, जशी मिळाली तशीच पुढं द्यायची. मले तं एकदम आपली शेवयाची मशीन डोळ्यासमोर आली. मशीन माझी. दांडा सरकायचा तं आमच्या यांनी, शामरावांनी, वर्कशॉपमध्ये नवा बनवला. तुझ्या यांनी, रामकृष्ण भाऊजींनी, खाली लाकडाची बैठक ठोकली. बारीक छेदाची जाळी तू आणली. मंग मागच्या लाइनीतल्या बायांनी पाहून पाहून आपल्या मशिनी तशाच करून घेतल्या, अन् उन्हाळ्यात साऱ्या मोहल्ल्यात खाटांवर शेवया वाळायच्या. कोणी कोणाले विचारलं? अन् भाऊजी गेल्यावर श्रीपाद तुले पुण्याले घेऊन गेला तं तू ती मशीन पेटीत घालून नेली. काहून, तं म्हणे जाळी माझी!

मी उभी राहिली. म्हटलं, बाबू, अशी मशीन घेऊन एखादी बाई पुण्याले निघून गेली तं तुझ्या कायद्यात काय आहे? तो हसला नाही, शहाणा पोट्टा आहे. म्हणे, “आजी, आधी नोटीस पाठवायची. प्रेमानं.” तं हे पत्र नोटीस समजजो. प्रेमाचं पाहू.

मंग आली दीपमाला. तिचं काम असं, की आपल्यासारखी वऱ्हाडी बोलणाऱ्या बायांचं बोलणं कंप्युटरले समजावं, अन् ते सगळ्यांना फुकट मिळावं. त्यासाठी महिनाभर तिनं मले माइकसमोर बसवलं. अन् मी माइकसमोर बसली की रेडिओवरच्या बातम्यांवाणी बोलायची. ती कपाळ धरायची, म्हणे, आजी, तू ऐसे थोड़ी बोलती है. एक दिवस ती चहा ठेवायले उठली, माइक सुरूच राहिला. मी तांदूळ निवडत होती. निवडता निवडता भिंतीकडं तोंड करून म्हटलं, “मंदे, ऐकते का वं? आज तुझ्या कुकरची शिटी नाही झाली. कालच्या भांडणाचा उपास करून राहिली का?”

(ते क्वार्टर सुटून किती वर्षं झाली. इथल्या भिंतीपलीकडं दवाखान्याची औषधं ठेवायची खोली आहे.)

हेच तिनं तीनशे लोकांना ऐकवलं. मोठ्या पडद्यावर आवाजाची रेघ चालत होती. मी बोलली तिथं खालीवर, खालीवर. लोक खो खो हसले. मंग रेघ सपाट झाली. सपाटच चालली. हसणं थांबलं. कोणी खोकललं. दीपमालानं मोजलं होतं, अकरा सेकंद. मंग माझा आवाज आला, “बरं, नको बोलू.” अन् पोट्टी लोकांना म्हणे, “हमारे पास एक ही तरफ़ की आवाज़ है. दूसरी तरफ़ वाली पुणे में रहती है.”

मले भल्ला राग आला. तिचा नाही, तुझा. तीनशे लोकांसमोर मी विचारलं अन् तू उत्तर नाही दिलं.

टाळ्या पडल्या, मी पदर सारखा केला अन् रिकामा डबा घेऊन घरी आली. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. लहानांना आशीर्वाद, तुझ्या देवाले माझा रामराम सांगजो, त्याचं माझं भांडण नाही.

तुझी भिंतीपलीकडची,
मीराबाई

ता. क. : दीपमालाले दोन बायांचं भांडण पाहिजे, निदान पंधरा दिवसांचं. तिच्या कामासाठी म्हणून लिहून राहिली, माझं काही अडलं नाही. खालची बर्थ घेऊन येजो. मशीन आणजो, जाळीसकट. गहू मी भिजवून ठेवते.

ता. क. दुसरा : दीपमालानं पत्र वाचलं. म्हणे, हे काम पुण्याहून फोनवरही होते, अन् हे न लिहिणं म्हणजे लपवाछपवी, त्यांच्या लोकांत सगळं उघडं ठेवा लागते. तं लिहिलं बाप्पा. होते फोनवर.

फोन करू नको.