डोस जास्त झालाय

३ मार्च

हात! एका सुळ्यापायी सकाळ गेली. मेणात बसवला — वाकडा. काढला, मेण तापवलं, पुन्हा बसवला — पुन्हा वाकडा. इतकी वर्षं कवळ्या करतेय, माझं काम लोकांच्या तोंडात खातं, पितं, भांडतं. आणि आज एक दात सरळ उभा राहीना.

मालक मागे येऊन उभा. "अहो बाई, कवळी आहे की पडकं कुंपण?" सगळे हसले. मीही हसले! पूर्वी त्याला असं सुनावलं असतं की दुपारचा डबा कडू लागला असता. आता शब्द जिभेवर येईपर्यंत माणूस जेवून परत येतो.

डोस जास्त झालाय. डोक्याच्या औषधाचा. हॉस्पिटलमधून सोडताना वाढवला, तो तसाच चालू आहे. माझी खात्री आहे.

४ मार्च

कॅप्सूल नवऱ्याच्या ताब्यात. कपाटाला कुलूप, किल्ली खिशात. जेवणं झाली की स्वयंपाकघरातून एक तळहातावर घेऊन येतो आणि मी गिळेपर्यंत समोर उभा. "तोंड उघड." उघडते. दुसऱ्यांच्या तोंडात बघायची सवय, स्वतःचं दाखवायची नाही.

चूक माझीच. पहिल्या खेपेला घरी सोडलं तेव्हा सगळ्या गोळ्या कुंडीत पुरल्या होत्या. झाड मात्र जोमात होतं.

आजपासून याचं नाव जेलर.

९ मार्च

डॉक्टरकडे. माझी चौकशी जेलरकडे बघून करतात. "घरी कशा असतात?"

"शांत असते. फार शांत."

डॉक्टर खूश. मी म्हटलं, हात थरथरतात, डोस कमी करा. म्हणाले, "अजून थोडी कळ काढा. आत्ता कमी केला आणि पुन्हा उसळलं तर?" जेलरने नंदीबैलासारखी मान हलवली.

येताना रस्ताभर मी गप्प. तो म्हणतो, "काहीतरी बोल ना." काय बोलू? शिवी द्यायलासुद्धा उत्साह लागतो.

१० मार्च

काही नाही.

२४ मार्च

हात बरे आहेत! चार दिवस झाले. आज अख्खी वरची पंक्ती एका बैठकीत लावली. शरीराला सवय झाली असणार. गाढवाच्या पाठीलासुद्धा ओझ्याची होते.

दुपारी एक म्हातारा दात बघायला आला. पक्के करण्याआधी मेणातले दात तोंडात घालून दाखवतो आम्ही — आणि घरच्यांना बोलावतो, कारण ज्याचं तोंड त्याला कळत नाही म्हणतात. घरचे नेहमी पांढरेशुभ्र आणि सरळ मागतात. मुलगा म्हणाला, "बाबांना जरा हसरे करा." मी म्हटलं, "तुमच्या घरात राहून हसरे होते का ते कधी?"

मालकाने बाहेर नेऊन झापलं. म्हातारा मात्र आत बसून खुदूखुदू हसत होता, मेण तोंडात धरून. एक दाढ निसटली. मजा आली. किती दिवसांनी!

३० मार्च

जेलरला म्हटलं, बैलसुद्धा तुझ्यापेक्षा कमी आवाज करून रवंथ करतो. राग यायचा सोडून चेहरा फुलला त्याचा. वेड लागलेलं मला, औषध मला — आणि हसतोय हा!

१४ एप्रिल

आई गेली. पहाटे. झोपेतच.

१५ एप्रिल

काल काय झालं ते लिहून ठेवते. नंतर वाटायला नको की स्वप्न होतं.

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ऐकलं आणि उरलेले घातले. मग निघाले.

आई पलंगावर. तोंड आत ओढलेलं. कवळी शेजारी पेल्यात — मीच केलेली. धाकटी रडून रडून सुजलेली. "ताई, लोक यायच्या आत घाल गं तिला. असं तोंड नाही बघवत." जबडा आखडत चालला होता. मी अंगठ्याने हनुवटी दाबली, वरची बसवली, मग खालची. नीट बसली का ते बोट फिरवून पाहिलं. आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? — डावीकडची दाढ झिजलीय. एका बाजूने चावत होती वाटतं. बोलली नाही कधी, नाहीतर घासून दिली असती.

एवढंच! ना हुंदका, ना डोळ्यात पाणी. हात — दगडासारखे स्थिर.

धाकटी बघत होती. म्हणाली, "ताई, तू माणूस आहेस का?"

मी म्हटलं, डोस जास्त आहे गं.

२० एप्रिल

रडायचा प्रयत्न केला. बाथरूमचं दार लावून, नळ सोडून. आईचं एकेक आठवत बसले. वाईट तेच आधी आलं. हॉस्पिटलात एकदाच आली होती. फळांची पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आपल्या घराण्यात असलं कुणी नव्हतं. तुझ्यापासून सुरुवात." आणि गेली. फळं मात्र गोड होती.

मग चांगलं आठवलं. लहानपणी ताप आला की उशाशी बसायची, कपाळावरची पट्टी बदलत. कितीतरी वेळ तेच धरून बसले. काही नाही. कोरडी ठक्क. पाणी वाया गेलं तेवढं.

दार उघडलं तर जेलर बाहेर उभा. "रड गं. मोकळी हो."

"काय रडू? तूच बूच मारून ठेवलंयस! रोज जेवण झालं की हातावर आणून देतोस ना? त्याने आई मेल्याचंसुद्धा कळेना झालंय मला!"

चेहरा पडला त्याचा. बरं झालं. लागू दे की थोडं.

२१ एप्रिल

धाकटी सगळ्यांना सांगत सुटलीय — दगड आहे ती, आईचे दात तपासत बसली होती. सांगू दे. मला माहीत आहे ना खरं कारण. डोस कमी झाला की येईल रडू. तेव्हा हिच्या घरी जाऊन हिच्या सोफ्यावर बसून रडेन. उशीर झाला तर झाला.

२८ एप्रिल

डॉक्टरकडे. या वेळी सगळं सांगितलं — कवळी, दाढ, धाकटी. म्हटलं, सख्खी आई मेली आणि डोळा ओला नाही, याहून काय पुरावा पाहिजे? कमी करा.

डॉक्टर विचारात पडले. आणि जेलर — जो डॉक्टरांसमोर कधी आपणहून तोंड उघडत नाही — एकदम म्हणाला, "नको! आहे तेवढाच असू दे. आणखी कमी नको."

आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणतात. पण चावावं किती? जिन्यातच त्याला म्हटलं, तुला बायको नकोच आहे, बाहुली हवीय. हवी तिथे ठेवावी, हवी तेव्हा झाकावी. खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघत होती. बघू दे!

तो फक्त कठडा धरून उतरत राहिला.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. औषध रक्तात किती आहे ते कळतं म्हणे. कळू दे एकदा सगळ्यांना!

४ मे

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला. "जास्त? अहो, हे पुरेसंसुद्धा नाही. हवं त्याच्या निम्मं आहे. पुन्हा कुंडीत पुरताय का?"

मी शपथ घेतली. रोज गिळते, याच्यासमोर, तोंड उघडून दाखवते! विचारा याला! डॉक्टर माझ्यावर ओरडले — "पुन्हा ॲडमिट व्हायचंय का? नशीब समजा अजून काही झालं नाही." मी जेलरकडे पाहिलं. सांग ना यांना!

जेलर बुटांकडे बघत बसलेला.

५ मे

कबूल केलं त्याने. मार्चमध्ये डॉक्टरकडून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. स्वयंपाकघरात कॅप्सूल उघडायचा, अर्धी पूड नळाखाली सोडायचा, पुन्हा बंद करून माझ्या हातावर. "तू गप्प झाली होतीस गं. मला नाही बघवलं."

मार्च. म्हणजे आईच्या वेळी अर्धाच होता.

म्हणजे तो दगड मीच.

जेवण झाल्यावर मी आपणहून हात पुढे केला. म्हटलं, आज पूर्ण दे.