फाटकाची घंटा

बुधवार, संध्याकाळ

पूल सुरू झाला आणि आमचं रेल्वे फाटक भिंत घालून बंद केलं. गाड्या सगळ्या वरून जातात. इतकी वर्षं फाटकाची घंटा वाजली की मी पाटीवरचं ओलं फडकं काढायची. अडकलेले रिक्षावाले, स्कूटरवाल्या बाया रेल्वेला शिव्या घालत बांगडे घ्यायच्या. आता कोण थांबतंय?

जाऊ म्हणाली, "घाटकोपरच्या बाजारात माझ्याशेजारी बस ना."

"तुझं गिऱ्हाईक तोडू? गप गं."

बोलले खरी, पण मग बसू कुठे? अर्धी पाटी तशीच परत आणली.

दुपारी घंटा नाहीच, नुसता ट्रेनचा भोंगा वाजला. माझा हात आपोआप फडक्यावर गेला. काढलंसुद्धा. बांगडे उघडे, आणि समोर भिंत.