गुटीतला काळा गूळ

आई, काल वरच्या मजल्यावरच्या मुलीची आई वाटी घेऊन दारात आली. साताऱ्याहून लेकीच्या बाळंतपणासाठी आली आहे. "खडाभर गूळ असेल का हो? बाळाच्या गुटीला हवाय." जपानमधल्या ग्योतोकुचं हेच स्वयंपाकघर, हेच फडताळ. काळ्या गुळाच्या बरणीवर माझा हात गेला आणि तिथेच थांबला.

माझ्या बाळंतपणाला तू इथे आलीस, तेव्हा तुला तो गूळ पहिल्याच दिवशी आवडला होता. ओकिनावाच्या उसाचा, डांबरासारखा काळा, आधी खारट लागणारा आणि मग गोड. "समुद्रात पडला होता का गं हा?" असं विचारून तू आणखी एक खडा तोंडात टाकलास. त्याच्या पुरणपोळ्या केल्यास, माझे डिंकाचे लाडू केलेस. शेजारच्या जपानी आजींनी त्याचा पाक मोचीवर, तांदळाच्या चिकट गोळ्यांवर, ओतून दिला, तेव्हा बोटं चाटलीस. मग एका सकाळी सहाणेवर बदाम, खारीक, हळकुंड उगाळून झाल्यावर गुळाचं पाकीट माझ्यापुढे धरलंस. "मागे एवढं काय लिहिलंय?" मी सिटी ऑफिसचा फॉर्म भरत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठे ठेवायचा, कधीपर्यंत खायचा, असलंच काहीतरी." तू खूश. "माझ्या लेकीला चित्रं वाचता येतात हो!" जपानी अक्षरांना तू चित्रंच म्हणायचीस.

बाळ दोन महिन्यांचं होतं. आधी चार दिवस त्याला शी झाली नाही. तू गुटीत गूळ थोडा वाढवलास. मग त्याचं रडणं बारीक होत गेलं. मांडीवर घेऊन तू म्हणालीस, "किती गुणी आहे बघ, रडतच नाही." मलाही ते ऐकून बरं वाटलं. घर इतकं शांत झालं होतं की सहाणेवर हळकुंड फिरल्याचा आवाज बाहेरच्या खोलीत यायचा. सहाव्या दिवशी त्याच्या पापण्या अर्ध्यावरच राहिल्या, आणि मी पाजायला घेतलं तर दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. त्याला ओढताच येत नव्हतं.

दुधाशिवाय काय दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं. घरून पाकीट मागवलं आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी ते पहिल्यांदा उलटं करून वाचलं. एक वर्षाच्या आतल्या बाळांना देऊ नये. बारीक अक्षरात, पण स्वच्छ. मी तुझ्याकडे वळून ओरडले, "तुला कोणी सांगितलं होतं त्याला हे द्यायला?" तुझ्या हाताला हळदीचा पिवळेपणा होता, तो पदराने पुसत राहिलीस.

गुळातल्या जंतूंच्या विषाने त्याचे स्नायू लुळे पडलेत, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे त्याचा श्वास मशीनवर होता. तो वाचला, घरी आला; पण तू त्याला पुन्हा कधी स्वतःच्या हाताने काही भरवलं नाहीस. परत गेल्यावरही दर फोनवर एकच प्रश्न असायचा, अगदी शेवटच्या फोनवरसुद्धा. "नीट गिळतो ना गं तो?" आता तो सोळा वर्षांचा आहे. दारात वाकून आत येतो, आणि काहीही विचारलं तरी "दाइजोबु" म्हणतो, म्हणजे सगळं ठीक आहे.

काल मी त्या बाईंना सांगितलं, "बाळाला नका देऊ. हा नको, कुठलाच गूळ नको, मधही नको. माझ्या आईने दिला होता, मुलगा मरता मरता वाचला."

"अगंबाई! पण त्यांना बिचाऱ्यांना काय वाचता येणार इथलं!"

मी मान डोलावली, आई. त्यांचं बाळ वाचेल म्हणून मला बरं वाटलं. पण पाकीट तू माझ्यापुढे धरलं होतंस, हे मी कालही सांगितलं नाही.