दाराचं टेबल

लिच्वान, ९ मार्च

चि. ग्वोदोंग यास,

अनेक आशीर्वाद. फोनवर मी दुसरं वाक्य सुरू केलं की तुला मीटिंग आठवते. पत्र असं मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझी लेक लान्या आणि सूनबाई छून्मेई गुरुवारच्या गाडीने सुखरूप पोचल्या. सुखरूप म्हणजे हातपाय जागेवर आहेत, एवढंच. सोळा वर्षांची पोर, पण जिना चढताना माझ्याआधी दमली. तिच्या आवडीचं धुरावलेलं मांस बटाट्यांबरोबर परतलं, तर दोन घास खाल्ले, तेही माझं मन राखायला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

तुझ्या बायकोने सगळं सांगितलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पोरीला नैराश्याचा आजार आहे, गोळ्या द्या, वर्षभर शाळा बंद ठेवा. गोळ्यांनी डोकं मंद होईल म्हणून तू त्या कपाटात ठेवल्यास. आणि ती अभ्यास करते की नाही हे बैठकीतून दिसावं म्हणून तिच्या खोलीचं दारच काढून टाकलंस! धन्य आहे तुझी.

रविवारी परत पाठव, असा तुझा हुकूम मिळाला. पाठवत नाही. गोळ्या छून्मेईने येताना पिशवीत घातल्या होत्या. त्या रोज नाश्त्याबरोबर माझ्यासमोर घेतल्या जातात. आयुष्यभर या गल्लीला टोफू करून घातला, तो कुणाच्या हुकमावरून नव्हे.

माझा लोभ आहेच. हा राग त्याच्याच पोटातला समज.

तुझी आई

वुहान, १६ मार्च

ती. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. तुझं पत्र जेवता जेवता वाचलं आणि जेवण तसंच राहिलं. तू आणि छून्मेईने मिळून मला राक्षस ठरवलं आहे. आमच्या इमारतीत येऊन बघ. चौथ्या मजल्यावरच्या तंगने मुलाच्या खोलीत कॅमेरा बसवला आहे. मी नुसतं दार काढलं. तेही भंगारात दिलं नाही. त्याला लोखंडी पाय लावून लान्याला अभ्यासाचं टेबल करून दिलं. रविवारी सुट्टी असूनही घासत बसलो होतो. एवढं मोठं टेबल तिच्या अख्ख्या वर्गात कुणाकडे नाही. तिच्यासाठी आम्ही दोघं डोळ्यांत तेल घालून बसतो, वर्षभर टीव्ही लावलेला नाही. याला छळ म्हणतात का?

तिचा वर्गात तिसरा नंबर होता, तो आता चाळिसावर गेला आहे. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा पुढच्या वर्षी जूनमध्ये आहे आणि ती कुणासाठी थांबत नाही. मला लहानपणी दार सोड, खोलीसुद्धा नव्हती. तुझ्या टोफूच्या भांड्यांमागे बसून शिकलो. मला कुठे नैराश्य आलं? मन घट्ट केलं की सगळं जमतं. छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांची थडगी झाडायला येणार आहे, तेव्हा तिला घेऊन जाईन. तिची बॅग भरून ठेव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा ग्वोदोंग

लिच्वान, २२ मार्च

चि. ग्वोदोंग यास,

आशीर्वाद. तुला दार नव्हतं हे खरं, पण तुला डोंगर होता. शाळा सुटली की दप्तर फेकून वर पळायचास, तो अंधार पडला की उगवायचास. तिकडे काय करायचास हे मला आजही माहीत नाही. तुझ्या पोरीला असं वीतभर तरी काही ठेवलंस का?

आता नीट बसून वाच. काल ती माझ्याबरोबर सोयाबीनचं दूध गाळत होती. फडकं पिळता पिळता, खाली बघत तिने सांगितलं की हिवाळाभर तिला रोज मरून जावंसं वाटत होतं. सतत पाठीवर डोळे टोचायचे. घरात रडायला जागा नाही म्हणून शाळेच्या संडासात जाऊन रडायची. बाबांना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तर म्हणाली, त्यांनी एवढ्या हौसेने टेबल केलं होतं, त्यांना कसं सांगू.

मी फडकं पिळत राहिले. हात थांबले असते तर तिथेच बसकण मारली असती.

मन घट्ट करा म्हणतोस. टोफूसुद्धा बेताचं वजन ठेवलं तर घट्ट होतो, जास्त ठेवलं तर फुटतो. तुझा नंबर तुझ्यापाशी ठेव, मला नात जिवंत हवी आहे. ये, थडगी झाड, पोटभर जेव आणि एकटा जा. तिकडे दार लागल्याशिवाय ती इथून हलणार नाही. ओढून न्यायचा विचार असेल तर आधी ही म्हातारी उंबऱ्यावर आडवी पडेल. सगळी गल्ली बघायला येईल, आणि गल्लीत तुझं नाव फार चांगलं आहे.

लोभ आजपर्यंत शाबूत आहे. पुढचं तुझ्या हातात.

तुझी आई

लिच्वान, ८ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. तुम्ही आलात, थडगी झाडलीत आणि माझ्याशी न बोलता एकटेच परत गेलात. मला ओढून नेलं नाहीत, म्हणून लिहायचा धीर झाला.

मी बरी झालेली नाही. कधी कधी केस विंचरायलाही उठवत नाही. पण मी आळशी नाही, बाबा, आणि नाटकही करत नाही. गोळ्या मी घेणार. आई दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंना फोन लावून देते, मी त्यांच्याशी बोलते, तेही सोडणार नाही. वर्ष मागे पडलं तर पडू दे. तंगचा मुलगा पुढे गेला तर जाऊ दे.

दाराला कडी नको, हे मी स्वतःच डॉक्टरीणबाईंना सांगितलं. काही वेडंवाकडं वाटलं तर तुम्ही खुशाल ढकलून आत या. पण एरवी आधी वाजवायचं आणि मी हो म्हटलं तरच यायचं. टेबल सुंदर झालं आहे, हे मी तेव्हाही म्हणाले होते आणि ते खरंच होतं. पण बाबा, ते माझं दार आहे.

प्रेम असेलच. या वेळी ते वाजवून येऊ दे.

तुमची लान्या

वुहान, १९ मे

ती. आजीस,

सा. न. वि. वि. आम्ही काल पोचलो. स्टेशनवर बाबांनी बॅग घेतली आणि घरापर्यंत फक्त उकाड्याबद्दल बोलले.

दार लागलं आहे! वाकडं लागलं आहे, खाली फरशीला घासतं. पायांच्या स्क्रूची भोकं पुट्टी भरून बुजवली आहेत, आणि माझ्या शाईचे डाग आता दारावर उभे आहेत. आई मध्यंतरी दोन दिवस इकडे येऊन गेली ना, तेव्हाचं तिने सांगितलं, की टेबल मोडण्याआधी बाबा माझ्या खुर्चीत बसले, बैठकीकडे पाठ करून. आईला सोफ्यावर बसून आपल्याकडे बघत राहायला सांगितलं. थोड्या वेळाने उठले आणि पान्हा शोधायला लागले. तू हसशील, पण मला हसू आलं नाही. अभ्यास जमेल तेवढा स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायचं ठरलं आहे.

आज दुपारी मी दार लावून घेतलं. काही करत नव्हते, नुसती बसले होते. त्यांच्या चपलांचा आवाज दाराशी आला आणि थांबला. मग टकटक झालं, इतकं हळू की मला वाटलं शेजारच्या घरात झालं. मी आतून सांगितलं की मी ठीक आहे, पण आत्ता नको.

चपला बराच वेळ तिथेच होत्या. मग परत गेल्या.

मी दार उघडलं तेव्हा उंबऱ्याबाहेर बशी ठेवलेली होती. सफरचंद सोलून, फोडी करून आणलं होतं. ते काळं पडलं होतं. मी सगळं खाल्लं.

तुझी माया इथपर्यंत पोचते, तशीच पोचत राहू दे.

तुझी लान्या