तीस लाख वॉरंटं आणि आमचा पहिला नफा

२९ जानेवारी
वर्ष सुरू होऊन महिना होत आला, रोजनिशीला मुहूर्त आज लागला. कारणच तसं आहे. थंडीत न गारठणाऱ्या बॅटऱ्या बनवणारी आमची कंपनी गेल्या वर्षी पहिल्यांदाच नफ्यात आली. बारा लाख डॉलर! हिशेबखात्याचा प्रमुख मी, म्हणजे निम्मं श्रेय माझंच. ऑडिट तेवढं राहिलंय. निव्वळ औपचारिकता.
संकल्प : यंदा कमी बोलायचं. बोलायचं ते वजनदार.

१ फेब्रुवारी, रविवार
सासऱ्यांकडे जेवलो. व्हर्लिन जन्मभर लोहखनिजाच्या बोटींवर इंजिनिअर होते. ज्याचे हात काळे होत नाहीत तो काम करत नाही, असं त्यांचं पक्कं मत. मला 'जावईबापू' म्हणतात ते गालात हसून. आज मात्र स्वतःच्या हाताने मला मासा वाढला! डिसेंबरात बर्फ उपसायच्या गाड्यांची मोठी ऑर्डर आम्हाला मिळाली आणि दोन डॉलरचा शेअर नऊवर गेला. ते पेपरात वाचून ह्यांनी नव्या बोटीसाठी साठवलेले पैसे आमच्या शेअरमध्ये घातले. मला न विचारता. म्हणाले, "घरचा माणूस हिशेब बघतोय, मग घाबरायचं कशाला?"
मार्लिसने माझ्याकडे असं काही कौतुकाने पाहिलं! लग्नानंतर पहिल्यांदाच बहुधा.

४ फेब्रुवारी
ऑडिटर यंदा नवीन. मिस ओकोन्स्की. बोलणं मऊ, पेन्सिल टोकदार. तिने वॉरंटांची चौकशी केली. दोन वर्षांपूर्वी आम्ही भांडवल उभं केलं तेव्हा गुंतवणूकदारांना शेअरसोबत तीस लाख वॉरंटं दिली होती. वॉरंट म्हणजे साधा वायदा : पाच वर्षांत केव्हाही या, पाच डॉलर द्या, एक शेअर घेऊन जा. मी ती भांडवलात दाखवली आहेत. एकदा दाखवली की पुन्हा बघायला नको. हेच तर सौंदर्य.
ती म्हणाली, "करारात एक कलम आहे. पुढे तुम्ही कुणाला शेअर स्वस्तात विकलात तर यांचा पाचचा भावही खाली येतो."
मी म्हटलं, ते शोभेचं कलम आहे. घाईत घातलं गेलं.
ती म्हणाली, या शोभेमुळे वॉरंटं भांडवल राहत नाहीत, देणं होतात. आणि त्या देण्याची बाजारभावाने किंमत दर तिमाहीला नव्याने काढायची. वाढली की तेवढा तोटा.
मी हसलो. तीही हसली. उद्या एक मेमो देतो, प्रकरण मिटेल.

६ फेब्रुवारी
मेमो दिला. बावीस पानी. भाषा इतकी भारदस्त झाली आहे की मधलं एक पान मलाच नीट कळलं नाही.

९ फेब्रुवारी
मेमो परत आला. समासात तिचा एकच शब्द : "कलम?"

१० फेब्रुवारी
किंमत काढायचीच तर मीच काढतो म्हटलं. सूत्रात शेअरचा चढउतार किती धरायचा हे आपल्या हातात असतं. मी 'नगण्य' धरला, म्हणजे वॉरंट स्वस्त. मिस ओकोन्स्कीने विचारलं, "दोनवरून नऊवर गेलेला शेअर नगण्य हलतो?" मी म्हटलं, स्वभावाने शांत आहे, एकदाच उसळला. ती म्हणाली, "मिस्टर हावरकँप, शेअर नऊवर, वायदा पाचचा. तुम्ही काहीही धरा, चार डॉलर तर समोर दिसतायत."
समोरच्या चारवर पुढच्या चढाच्या आशेचे आणखी धरून, तिच्या हिशेबाने प्रत्येक वॉरंट वर्षभरात पाच डॉलरने महागलं. तीस लाख गुणिले पाच. दीड कोटी. त्यातून आपला बारा लाखांचा नफा वजा जाता तोटा एक कोटी अडतीस लाख.
पुन्हा गुणून पाहिलं. गणित बरोबर आहे. तत्त्व चुकीचं आहे.

११ फेब्रुवारी
बर्टला सांगितलं. बर्ट टोलफ्सन म्हणजे आमचा सर्वेसर्वा. त्याने कामगारांच्या पार्टीसाठी हॉल घेऊन ठेवलाय, 'अखेर नफा!' असा फलकही रंगवून घेतलाय.
"म्हणजे हे दीड कोटी आपल्याला कुणाला द्यायचेत?" त्याने विचारलं.
कुणालाच नाही म्हटलं.
"मग गेले कुठे?"
कुठेच नाही.
"अरे लायल, मग तोटा कसला?"
शेअर वाढला ना, त्याचा. आपली बातमी चांगली म्हणून शेअर वाढला, शेअर वाढला म्हणून वॉरंटं महागली, म्हणून तोटा. बर्टने फलकाची गुंडाळी उलगडून टेबलावर पसरली. मग म्हणाला, "फलकावरचं 'अखेर' तरी ठेवता येईल का रे?"

१३ फेब्रुवारी
संध्याकाळी दारात शेजारच्या मिसेस एंगेब्रेट. हातात बटाट्याचं झाकलेलं गरम भांडं, डोळ्यांत पाणी. आमच्या गावात असं भांडं कुणी गेलं की आणतात. मार्लिस फोनवर चर्चमधल्या मैत्रिणीला म्हणाली होती म्हणे, "लायलच्या डोक्यावर तीस लाख वॉरंटं आहेत." बाईंनी माझा हात धरून विचारलं, "पोलीस येणार कधी?" अर्धा तास समजावलं. जाताना मार्लिसच्या कानात म्हणाल्या, "वकील चांगला कर हो."
भांड्यातलं मात्र उत्तम होतं. दोनदा घेतलं.

२० फेब्रुवारी
गाड्यांवाल्यांची आणखी एक ऑर्डर. शेअर दहा. कारखान्यात टाळ्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा, आता हा पडला पाहिजे." टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी पुढे तांत्रिक खुलासा केला, पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

१२ मार्च
निकाल जाहीर. मी पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की हा तोटा कागदावरचा आहे, घाबरण्याचं कारण नाही. चौथ्या पानावर. बाजार पहिलं पान वाचतो असं दिसतं. शेअर चार.
चिंता नाही. शहाणे लोक संपूर्ण वाचतील आणि आठवड्याभरात भाव परत येईल.

१९ मार्च
गाड्यांवाल्यांनी दोन्ही ऑर्डरी रद्द केल्या. त्यांचे खरेदीप्रमुख म्हणाले, बुडत्या कंपनीवर हिवाळाभर भिस्त ठेवता येत नाही. मी त्यांना मेमो पाठवू का विचारलं. त्यांनी फोन ठेवला. गडबडीत असतील.

३१ मार्च
शेअर साठ सेंट. तिमाही संपली.
बर्टने एक पाळी बंद केली. चाळीस माणसं घरी बसली. व्हर्लिनकडे तीन रविवार गेलो नाही. घसा बसलाय, असं मार्लिसला सांगितलं.

१४ मे
आज तिमाहीचे निकाल जाहीर झाले आणि जिंकलो! शेअर पडला तशी वॉरंटंही कवडीमोल झाली. देणं जवळजवळ शून्य. जेवढं कमी झालं तेवढा फायदा. धंद्यातला तीस लाखांचा तोटा वजा करूनही निव्वळ नफा सव्वा कोटी. कंपनीच्या इतिहासातला पहिला! मिस ओकोन्स्कीने एका शब्दाने हरकत घेतली नाही. म्हणजे मुळात मी म्हणत होतो तेच खरं : वाट बघायला हवी होती.
बर्टला अभिनंदनाचा फोन केला. त्याने उचलला नाही. शेअर चाळीस सेंट.

१६ मे
नफा झाल्यावर तोंड लपवायचं काय कारण? ताठ मानेने व्हर्लिनकडे गेलो. गॅरेजात जुन्या बोटीचं इंजिन खोलून बसले होते. मी पहिल्यापासून सगळं समजावलं. त्यांचे हात इंजिनातच होते. मग हात पुसत म्हणाले, "म्हणजे माझे शेअर वर होते तेव्हा तुझी कंपनी तोट्यात."
हो म्हटलं.
"आणि आता माझे बुडाले म्हणून फायद्यात."
अगदी बरोबर म्हटलं. इतक्या लवकर बर्टलाही कळलं नव्हतं.
"मग उद्या कंपनीला टाळंच लागलं तर भरपूर फायदा होईल तुमचा?"
मी मनात आकडेमोड केली. खोटं कशाला बोला? म्हटलं, नाही, आता फारसा नाही. आणखी पडायला शेअरमध्ये काही उरलेलंच नाही.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पंपाकडे बघावं तसं, चालेल की टाकून द्यायचा. मग काळाकुट्ट पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे तरी घट्ट धर."
धरला. उलटा धरला होता म्हणे.